मिक्स्ड इन्शुलिनवरून चार सुया, मग पंप: आकडे कसे बसवायचे, काय बिघडतं?

सिंहगडरोडकर:

मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्स, टाइप १, वजन ५० किलो. सध्या ३०/७० मिक्स्ड इन्शुलिन, ४० युनिटवाल्या बाटलीतून: सकाळी साडेसातला २२, रात्री नऊला १४. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ९.२. पहाटे तीनच्या सुमारास शुगर साठच्या खाली, उठल्यावर २३० ते २५०. कॉलेजातून थेट क्लासला जाते, त्यामुळे दुपारचं जेवण कधी साडेबाराला, कधी अडीचला.

डॉक्टरांनी आता डेग्लुडेक (लांब पल्ल्याचं इन्शुलिन) एकदा आणि ॲस्पार्ट (जेवणाचं जलद इन्शुलिन) तीनदा, दोन्ही पेन, असं लिहून दिलंय. सहा महिन्यांनी मिनीमेड ७८०जी पंपाचा (अंगाला नळीने जोडलेलं, सतत इन्शुलिन सोडणारं यंत्र) विचार करू म्हणाले. डोस तेच ठरवणार आहेत, पण त्यामागचं गणित आम्हालाही कळायला हवं. विचारायचं ते असं:

मिक्स्डमध्ये नेमकं काय चुकत होतं आणि चार सुयांनी काय बदलेल? एप्रिल-मे मध्ये टेरेस फ्लॅटमध्ये इन्शुलिन कसं सांभाळायचं? पंपात बिघाड कुठे होतात? आणि उपवास, सिंहगड, पुरणपोळी यांचं काय करायचं? (तिघंही टळणारे नाहीत.)

कार्बमोजणी:

आधी आत्ताच्या डोसाचे तुकडे पाडून बघा, म्हणजे पहाटेच्या लो शुगरचा उलगडा होईल. ३०/७० म्हणजे शंभरात ३० भाग रेग्युलर आणि ७० भाग एनपीएच. सकाळच्या २२ युनिटांत रेग्युलर ६.६ आणि एनपीएच १५.४. रात्रीच्या १४ मध्ये ४.२ आणि ९.८.

रेग्युलर अर्ध्या तासाने लागू पडतं, दोन-तीन तासांनी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सहा-आठ तासांत ते संपतं. एनपीएचचा जोर चौथ्या ते दहाव्या तासाच्या दरम्यान कधीतरी येतो. सकाळी साडेसातच्या एनपीएचचा जोर साडेअकरा ते साडेपाच. म्हणजे दुपारच्या जेवणासाठी वेगळी सुई नाहीच, ते जेवण सकाळीच टोचून ठेवलंय. मुलगी साडेबाराला जेवली तर जमून जातं, अडीचपर्यंत थांबली तर इन्शुलिन आहे आणि अन्न नाही अशी गत. रात्री नऊच्या एनपीएचचा जोर एक ते सातच्या मध्ये, त्यात पहाटे शरीराला इन्शुलिनची गरज सर्वांत कमी असते, तेव्हाच ते जास्त पडतं. मग घाबरून दूध-बिस्किटं दिली जातात. पाचनंतर वाढीच्या वयातले हार्मोन शुगर वर ढकलतात, एनपीएच ओसरत आलेलं असतं, आणि सकाळी २४० दिसतात. ते २४० बघून रात्रीचा डोस वाढवला की पहाटेचा लो आणखी खोल जातो. मिक्स्डमध्ये पुढे-मागे काही हलवताच येत नाही, कारण दोन्ही इन्शुलिनं एकाच बाटलीत बांधलेली.

चार सुयांत ती गाठ सुटते. डेग्लुडेक म्हणजे बेसल: काहीही न खाता यकृत जी साखर सोडत राहतं तेवढ्यापुरतं. त्याचा परिणाम बेचाळीस तासांपर्यंत राहतो आणि मधे डोंगर-दरी जवळपास नसते. ॲस्पार्ट म्हणजे बोलस: दहा-पंधरा मिनिटांत सुरू, एक ते दोन-तीन तास जोर, साधारण चार तासांत मामला आटोपतो. जेवण अडीचला तर सुई सव्वादोनला. जेवण नाही तर सुई नाही, पण बेसल मात्र रोज.

सुरुवातीचं गणित असं बसतं. सध्या एकूण ३६. पहाटे लो होतंय म्हणून दहा टक्क्यांच्या आसपास कमी करून ३२. निम्मं, १६, बेसल. उरलेलं जेवणांत ५, ५, ६ असं. डेग्लुडेकचा डोस रोज हलवू नका. स्थिरावायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून चार दिवसांच्या सकाळच्या शुगर एकत्र बघून मगच दोन युनिट वर किंवा खाली. आदल्या रात्री आइस्क्रीम खाल्लं म्हणून सकाळी १९० आली, तर तो बेसलचा दोष नव्हे.

आठवड्याभराने ठरावीक बोलस सोडून कार्बच्या (कर्बोदकांच्या) मोजणीवर या. ५०० भागिले रोजचं एकूण इन्शुलिन: ५०० ÷ ३२ म्हणजे साधारण १५. एक युनिट १५ ग्रॅम कार्ब झेलतं. १८०० ÷ ३२ म्हणजे साधारण ५५. एक युनिट शुगर ५५ ने उतरवतं. ही फक्त सुरुवात. बऱ्याच मुलांना सकाळच्या नाश्त्याला जास्त लागतं, १२ ग्रॅमला एक असं.

उदाहरण: दोन पोळ्या ४० ग्रॅम, वाटीभर वरण १२, अर्धी वाटी भात १४. एकूण ६६, भागिले १५ म्हणजे ४.४. जेवणाआधी शुगर २१०, लक्ष्य १२०, फरक ९०, भागिले ५५ म्हणजे १.६. एकूण ६ युनिट. मात्र दोन तासांपूर्वी क्लासमध्ये वडापावसाठी ४ युनिट घेतले असतील तर त्यातले साधारण दोन अजून अंगात आहेत. ते शुगर उतरवण्याच्या १.६ मधून वजा करा, म्हणजे सुधारणेसाठी काहीच उरत नाही, जेवणाचे ४.४ तेवढे घ्यायचे. पेनवर असताना सर्वांत जास्त लो याच एका चुकीमुळे होतात: दर तासाला मीटर बघायचं आणि 'अजून दोन' टोचायचे.

पोळीचे कार्ब इंटरनेटवर शोधू नका. तुमच्याच घरातलं पीठ एकदा वजन करा. शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात ६५ ते ७० ग्रॅम कार्ब. ३०० ग्रॅममध्ये दहा पोळ्या झाल्या तर एकीला वीस. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी ४०. शिजलेला भात शंभर ग्रॅमला २८. पन्नास ग्रॅम कोरडे पोहे ३८. चाळीस ग्रॅमचा पाव २०. स्वयंपाकघरातला काटा हे या आजारातलं सर्वांत स्वस्त यंत्र आहे आणि सर्वांत कमी वापरलं जाणारंही.

पेठेतला केमिस्ट:

डोसांचं वर आलंय. मी दुकानाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली ४० आणि १०० ची. आत्ताची बाटली ४० युनिट प्रति मिली, सिरिंज लाल टोपणाची. नवी पेनं १०० युनिट प्रति मिली. पेन स्वतःच युनिट मोजतं, त्यामुळे तिथे चूक होत नाही. चूक होते ती पेन अडकलं की. मग कोणीतरी घरातली जुनी लाल सिरिंज काढून पेनच्या कार्ट्रिजमधून 'दहा' ओढतो. लाल सिरिंजवरची दहाची खूण म्हणजे पाव मिली, आणि १०० च्या इन्शुलिनचं पाव मिली म्हणजे २५ युनिट. अडीचपट. उलट बाजूने, नारिंगी टोपणाच्या १०० वाल्या सिरिंजने ४० च्या बाटलीतून दहा ओढले तर प्रत्यक्षात ४ च जातात. पेनवर गेल्या दिवशी घरातल्या सगळ्या लाल सिरिंजा काढून टाका आणि नारिंगी चार-पाच आणून ठेवा. पंपातही फक्त १०० चंच इन्शुलिन चालतं. ४० चं भरलं तर पंप दाखवेल दहा आणि अंगात जातील चार.

दुसरी: दोन पेनांची अदलाबदल. रात्री झोपेत डेग्लुडेकचे १६ म्हणून ॲस्पार्टचे १६ टोचले जातात. एका पेनाला रबरबँड गुंडाळा आणि दोन्ही पेनं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक डायनिंग टेबलापाशी, दुसरं पलंगापाशी. झालंच तर झोपू द्यायचं नाही, तिच्या हिशेबाने १६ युनिट म्हणजे २४० ग्रॅम कार्बचं इन्शुलिन आहे. लगेच गोड पाणी सुरू, दर पंधरा मिनिटांनी शुगर, डॉक्टरांना फोन, आणि खाणं मागे पडत असेल किंवा उलट्या होत असतील तर हॉस्पिटल.

तिसरी: उन्हाळा. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात, फ्रीझरला टेकून नाही. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर नेहमीसारखंच दिसतं पण फेकायचंच. चालू पेन ३० अंशांच्या खाली: ॲस्पार्ट २८ दिवस, डेग्लुडेक आठ आठवडे. पेनावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. टेरेस फ्लॅटची खोली मे महिन्यात दुपारी सहज ३५ च्या पुढे जाते. चालू पेनही फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही, मात्र सुई काढून ठेवा, आणि टोचण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा, गार इन्शुलिन जास्त झोंबतं. वीज गेली तर मातीची दोन मडकी: मोठ्यात लहान, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, खिडकीच्या सावलीत. बाष्पीभवनाची ओली पिशवी मिळते तिचंही तत्त्व तेच, पाण्यात भिजवायची आणि हवेशीर ठेवायची. ती प्लास्टिकच्या डब्यात बंद केली की गार होणं थांबतं. जुलैत हवा दमट असते तेव्हा दोन्हींचा परिणाम कमी.

आणि स्कूटरची डिकी नको. उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवूनही नको.

खराब झाल्याची खूण: ॲस्पार्ट आणि डेग्लुडेक पाण्यासारखी स्वच्छ हवीत, गढूळ दिसलं की बाद. पण उन्हाने मेलेलं इन्शुलिन पुष्कळदा स्वच्छच दिसतं. खाणं तेच, डोस तोच आणि दोन दिवस शुगर चढीच, तर डोस वाढवण्याआधी नवं कार्ट्रिज लावून बघा.

सुई ४ मिलीमीटरची पुरते, कातडी चिमटीत धरायची गरज नाही. आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघा, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मग बाहेर काढा. बेंबीपासून दोन बोटं सोडून.

सिंहगडरोडकर:

दोघांचेही आभार. ६.६ आणि १५.४ ची फोड आजवर कुणीच करून दाखवली नव्हती. एक विचारायचं राहिलं: पोटावर उजवीकडे सुया टोचून टोचून गाठीसारखं मऊ जाड झालंय. तिथे दुखत नाही म्हणून ती तिथेच टोचते.

कार्बमोजणी:

दुखत नाही हेच त्याचं आमिष. तिथल्या चरबीतून इन्शुलिन कधी लवकर शोषलं जातं, कधी उशिरा, कधी अर्धंच. ती जागा काही महिने पूर्ण बंद. पण सावध: चांगल्या जागेवर टोचायला लागल्यावर तेच युनिट जास्त लागू पडतात आणि लो होतात. म्हणून वर ३२ म्हटलंय त्याऐवजी डॉक्टर २९-३० नेही सुरुवात करतील. गाठीचं त्यांना आवर्जून दाखवा. पोटाचे चार भाग, दोन मांड्या, आठवड्याला एक भाग, आणि एका टोचणीपासून दुसरी बोटभर दूर.

बेसल_०५५:

पंपाकडे वळू. एक गोष्ट आधी नीट कळली की बाकी सगळं तिच्यातूनच निघतं: पंपात लांब पल्ल्याचं इन्शुलिन नसतं. त्यात फक्त ॲस्पार्ट किंवा लिस्प्रो, आणि त्याचेच थेंब थेंब म्हणजे बेसल. पेनवर असताना मांडीत डेग्लुडेकचा साठा पडून असतो, दुपारची सुई चुकली तरी शुगर ३०० होते पण इन्शुलिन अजिबात नाही असं होत नाही. पंपावर साठाच नाही. नळी सुटली की दोन-तीन तासांत अंगातलं संपत येतं आणि चार-सहा तासांत कीटोन (इन्शुलिन नसताना रक्तात साठणारी आम्लं) बनायला लागतात. इन्शुलिन पंपावरचा बहुतेक प्रत्येक नियम या एका कारणासाठी आहे.

आकडे: पेनवरच्या ३२ मधून साधारण १५ टक्के कमी, २७. निम्मं १३.५, भागिले २४ म्हणजे तासाला ०.५५. डेग्लुडेकवरून पंपावर येताना त्याची शेपूट दोन दिवस रेंगाळते, म्हणून पहिले दोन दिवस बेसल कमी ठेवतात, किंवा आधी आठवडाभर ग्लार्जिनवर (दुसरं लांब पल्ल्याचं इन्शुलिन) आणतात. ग्लार्जिनचा शेवटचा डोस होऊन २४ तास झाले की पूर्ण बेसल.

भरणं. रिझर्व्हॉयर (पंपातली इन्शुलिनची टाकी) ३ मिली, ३०० युनिट मावतात. पण मावतात म्हणून ३०० भरू नका. रोज २७, तीन दिवसांचे ८१, नळी भरताना जाणारे दहा-पंधरा, थोडं शिल्लक: ११० पुरे. जास्त भरलं की 'संपू दे' म्हणून सेट (नळी आणि तिच्या टोकाचा, कातडीखाली राहणारा बारीक कॅन्युला) पाचव्या दिवसापर्यंत ओढला जातो. साधा टेफ्लॉन कॅन्युलाचा सेट दोन ते तीन दिवस, स्टीलच्या सुईचा दोन. सात दिवसांचा वेगळा लांब पल्ल्याचा सेट येतो, तो वेगळा असतो, साधाच सात दिवस चालवायचा असं नव्हे.

फ्रीजमधून काढलेलं इन्शुलिन लगेच भरू नका. गार द्रवात विरघळलेली हवा अंगाच्या उबेने सुटते आणि नळीत बुडबुडे होतात. तासभर आधी बाहेर काढा. बुडबुडा स्वतः घातक नाही, त्याच्या जागी जे इन्शुलिन जायला हवं होतं ते गेलं नाही हा तोटा. ०.५५ च्या बेसलला नळीतली दोन युनिटभर हवा म्हणजे जवळपास चार तास कोरडे.

नळी भरून टोकाशी थेंब दिसल्यावर सेट लावायचा, मग कॅन्युला भरायचा: ६ मिलीमीटरला ०.३ युनिट, ९ मिलीमीटरला ०.५. नळी भरताना सेट अंगाला जोडलेला नको, कधीच नको. ते दहा युनिट थेट अंगात जातात.

सेट रात्री झोपताना बदलू नका. कॅन्युला आत दुमडला असेल तर ते सकाळी कळतं, सहा तासांनी. सकाळी नाश्त्याच्या आधी बदला, बोलस त्यातूनच जाईल, दोन तासांनी शुगर बघा.

अडथळ्याच्या अलार्मवर विसंबू नका. तो दाब वाढल्यावर वाजतो, आणि इतक्या बारीक बेसलला दाब वाढायला कित्येक तास लागतात. कॅन्युला बाहेर आला आणि इन्शुलिन कातडीवर गळतंय, तर दाबच नाही, अलार्मही नाही. पट्टीपाशी ओलसर लागतं आणि फिनेलसारखा वास येतो, तो इन्शुलिनमधल्या संरक्षक द्रव्याचा. मे महिन्याचा घाम आणि सॅकचा पट्टा यांनी सेट सुटणं हे नेहमीचंच. जागा साबणाने धुवून पूर्ण कोरडी करा, मॉइश्चरायझर नको.

शुगर २५० च्या वर आणि कारण दिसत नाही: पंपातून एकदा सुधारणा द्या, तासाभराने बघा. उतरली नाही तर पंपावरचा विश्वास तिथेच संपवा. पुढचा डोस पेनने, सेट नवा, रिझर्व्हॉयर नवं, जागा नवी, आणि कीटोन तपासा. रक्तातले ०.६ च्या खाली ठीक, १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट हॉस्पिटल. लघवीच्या पट्ट्या स्वस्त आहेत पण त्या काही तासांपूर्वीचं सांगतात, आणि उघडलेली डबी सहा महिन्यांनी बाद. पेनने दिलेलं इन्शुलिन पंपाला माहीत नसतं, तो त्यावर आपलं आणखी देत बसेल, म्हणून चारेक तास ऑटो मोडमधून (अंगावरच्या सेन्सरची शुगर बघून पंप आपणहून इन्शुलिन कमी-जास्त करतो तो) बाहेर.

लो झालं तर नेहमीचंच: ७० च्या खाली १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

टाइपवन_कर्वेनगर:

@बेसल_०५५, शेवटच्या वाक्याला हरकत आहे. १५ ग्रॅम पेनवर बरोबर. ७८०जी ऑटो मोडमध्ये असताना शुगर खाली चाललीय हे पंपाने आधीच ओळखून बेसल अर्धा-पाऊण तास बंद ठेवलेलं असतं. त्यावर १५ ग्रॅम घातले की शुगर १९० ला जाते, पंप ते बघून पाच-पाच मिनिटांनी सुधारणा देतो, आणि तासाभराने दुसरा लो. ऑटोमध्ये ५ ते १० ग्रॅम, म्हणजे ग्लुकोज पावडर एक-दोन सपाट चमचे, आणि पंधरा मिनिटं खरंच थांबायचं. ५४ च्या खाली किंवा बोलस घेऊन जेवणच राहिलं असेल तर मात्र पूर्ण १५. पेढा, चॉकलेट, बिस्किट नको, त्यातल्या तुपाने साखर पोचायला उशीर होतो. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकागॉनचं (शुगर वर आणणारं औषध) इंजेक्शन आणि १०८. ग्लुकागॉन बऱ्याच दुकानांत ठेवलेलं नसतं, मागवून घरात ठेवावं लागतं.

आता ऑटो मोडचं. लक्ष्य १००, ११० किंवा १२० ठेवता येतं, सक्रिय इन्शुलिनची वेळ (दिलेलं इन्शुलिन अंगात किती वेळ आहे असं पंपाने धरायचं ती) सहसा दोन तास. यंत्र हुशार आहे पण ते जेवण ओळखत नाही. कार्ब जेवणाआधी सांगायलाच हवेत. विसरलात आणि अर्धा-पाऊण तास झाला तर निम्मेच कार्ब टाका. तासावर गेलं तर टाकूच नका, तोवर पंपाने आपणहून बरंच दिलेलं असतं. शुगर उतरत नाही म्हणून खोटे कार्ब टाकायची सवय मुलांना फार लवकर लागते. पंप ते खरं मानून चालतो, आणि सगळा हिशेब बिघडतो.

पुरणपोळी: तीस ग्रॅम हरभराडाळ, तीस ग्रॅम गूळ, पारीला पंचवीस ग्रॅम पीठ धरलं तर एकीत ६० च्या आसपास कार्ब. वर तूप. तुपामुळे शुगर सावकाश पण लांबवर चढते. मॅन्युअल मोडमध्ये ड्युअल बोलस लावता येतो, ६० टक्के आधी आणि ४० टक्के पुढच्या दोन-अडीच तासांत. ऑटो मोडमध्ये ही सोय नाही. तिथे पूर्ण कार्ब आधी सांगायचे आणि मागचा चढ पंपावर सोडायचा. पेनवर असाल तर दोन सुया, दुसरी दीड-दोन तासांनी.

उपवास: मिक्स्डवर उपवास धोक्याचाच होता, बेसल-बोलसवर आणि पंपावर जमतो. बेसल तसंच, खाल तेव्हाच बोलस. पण आपली एकादशी दुप्पट खाशी. साठ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत ५२ ग्रॅम कार्ब, वर बटाटा, आणि साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, पोळीपेक्षा भराभर चढतो. बोलस पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि खिचडी अर्धी करून सोबत दाण्याची आमटी किंवा दही. निर्जळी नको. आजारपणात किंवा कीटोन असताना उपवास नाहीच.

सिंहगड: पायथ्यापासून चढ तास-दीड तासाचा. निघण्याच्या एक ते दोन तास आधी तात्पुरतं लक्ष्य १५० लावा, गाडीतून उतरल्यावर लावून उपयोग नाही, अंगातलं इन्शुलिन तोवर दिलेलं असतं. आधीच्या नाश्त्याचा बोलस पाव भाग कमी. ऑटो मोडमध्ये निघण्याआधी 'थोडं खाऊन ठेव' म्हणून तासभर आधी केळं देऊ नका. शुगर वर जाते, पंप इन्शुलिन वाढवतो, आणि नेमकं चढावर लो. गरज वाटली तर चढायला सुरुवात करताना दहा ग्रॅम. वर पिठलं-भाकरी खाताना मात्र बोलस घ्यायचा, नेहमीपेक्षा थोडा कमी. त्या रात्री लो होण्याची शक्यता जास्त, स्नायू साखर परत भरून घेत असतात. लक्ष्य रात्रभर वर ठेवा. पेनवर असताना डेग्लुडेक त्याच दिवशी कमी करून फायदा नाही, त्याचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. तिथे बोलस कमी आणि खिशात ग्लुकोज.

बेसल_०५५:

मान्य. मी १५ लिहिलं ते मॅन्युअल मोड डोक्यात ठेवून, तुमचा आकडा ऑटोसाठी बरोबर.

एवढंच जोडतो: सेन्सर रक्तातली नाही, दोन पेशींच्या मधल्या जागेतल्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर वेगाने हलत असताना तो पाच-पंधरा मिनिटं मागे असतो. लो सुधारल्यावर सेन्सर अजून ६२ दाखवतो म्हणून पुन्हा ग्लुकोज दिलं जातं. तेव्हा बोटातून बघा. झोपेत सेन्सर लावलेल्या दंडावर कूस झाली तर खोटा लो दाखवतो, कूस बदलली की दहा मिनिटांत आकडा परत वर.

सिंहगडरोडकर:

पंपच बंद पडला तर? मंगळवारी रात्री अकराला, समजा. आणि महिन्याला सामान किती लागेल? बजेट त्यावर ठरेल.

बेसल_०५५:

महिन्याला सेट १०, रिझर्व्हॉयर १०, सात दिवसांचे सेन्सर चार-पाच, इन्शुलिनची १० मिलीची १०० वाली एक बाटली. बाटलीत १००० युनिट, तुमचा वापर नळीसकट ९५० च्या घरात, आणि उघडल्यावर २८ दिवसांची मुदतही तेवढीच. यावर दोन-तीन सेट जास्तीचे धरा, एखादा तरी दुमडतो. पंपाची किंमत एकदाच द्यायची, ही यादी दर महिन्याची, तेव्हा कर्ज काढायचा विचार असेल तर आधी या यादीचं कोटेशन मागा. ही न परवडल्याने पंप कपाटात पडणं हे पंप बिघडण्यापेक्षा जास्त वेळा होतं.

रात्री अकराला बंद पडला तर: दोन-चार तासांचा प्रश्न असेल तर ॲस्पार्टचं पेन, दर चार तासांनी त्या तासांचं बेसल, ०.५५ गुणिले ४ म्हणजे साधारण २ युनिट, जेवण आणि सुधारणा वेगळी. पण रात्र काढायची असेल तर तीन वाजता उठून टोचण्यापेक्षा ग्लार्जिन एकदाच, दिवसाच्या बेसलइतकं, १४ च्या आसपास. ते लागू पडायला दोन-तीन तास घेतं, म्हणून सोबत ॲस्पार्टचे १-२. सकाळी नवा पंप आला तरी त्या ग्लार्जिनचे २४ तास होईपर्यंत पूर्ण बेसल सुरू करायचं नाही. म्हणजे घरात कायम: ॲस्पार्टचं पेन, ग्लार्जिनचं न संपलेल्या मुदतीचं पेन, सुया, कीटोन पट्ट्या. सॅकमध्ये कायम: एक सेट, ॲस्पार्ट पेन, ग्लुकोज, मीटर.

पंपातलं सेटिंग त्या पंपासोबतच जातं. बेसलचे तास, कार्बचं प्रमाण, सुधारणेचा आकडा, सगळ्या स्क्रीनचे फोटो दर महिन्याला काढा. ऑटो मोडवर सहा महिने गेले की मॅन्युअल बेसल जुनंच राहतं, मुलीचं वजन तोवर तीन किलोने वाढलेलं असतं. ऑटो बंद पडला की पंप त्या जुन्या आकड्यांवर येतो, म्हणून दर भेटीत तेही अद्ययावत करून घ्या.

टाइपवन_कर्वेनगर:

दोन किरकोळ. लोहगावला विमानतळावर पंप एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवायचा नाही, पूर्ण शरीराच्या स्कॅनरमध्येही न्यायचा नाही, हाताने तपासणी मागायची, डॉक्टरांचं पत्र जवळ. एमआरआयला पंप, सेन्सर, ट्रान्समीटर (सेन्सरचा आकडा पंपाला पाठवणारा) तिन्ही बाहेर. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांना पंप आणि सेन्सर ही इलेक्ट्रॉनिक उपकरणंच ठरतात, तेव्हा फॉर्म भरतानाच लेखी परवानगीच्या मागे लागा, परीक्षेच्या सकाळी दारावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

सिंहगडरोडकर:

सगळं छापून फ्रीजवर लावतोय. शेवटचं, पंप चार्ज करायचा असतो का?

पेठेतला केमिस्ट:

पंप नाही, सेन्सरवरचा ट्रान्समीटर चार्ज करायचा, दर सेन्सर बदलताना. पंपाला एकच एए सेल लागतो, अल्कलाइन किंवा लिथियम. घड्याळात घालतो तो स्वस्तातला झिंक-कार्बन नको. सेलचं झाकण नाण्याने फिरवून उघडतं, तेव्हा सॅकमधल्या जास्तीच्या सेलसोबत एक रुपयाचं नाणंही चिकटपट्टीने लावून ठेवा.